राष्ट्रपतींच्या जोडीदाराचे चरित्र लिहिताना

महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी किंवा गावाच्या स्मरणिकेसाठी राष्ट्रपतींच्या जोडीदारावर लेख लिहायचा झाल्यास खान्देशातील लेखकाला बहुधा प्रथम डॉ. देवीसिंह शेखावत आठवतील. कारण त्यांच्या पत्नी, माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील, जळगाव जिल्ह्यातील नाडगावच्या, आणि त्या नात्याने शेखावत खान्देशचे जावई. मात्र ‘जावई’ म्हणून सुरुवात केली की लेख पाहता पाहता ताईंचाच होतो.

ते टाळण्यासाठी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी आणि डावीकडे राष्ट्रपतींची, उजवीकडे जोडीदाराची सनावळी लिहावी. डावीकडे १९६२ साली जळगावातून विधानसभेवर निवड. दोन्हीकडे ७ जुलै १९६५ चा विवाह. म्हणजे लग्नाच्या वेळी ताई आमदार होत्याच, आणि ‘पतीच्या पाठबळाने राजकारणात आल्या’ हे सवयीने लिहिले जाणारे वाक्य तिथेच खोडावे लागते. पुढे १९६७ पासून त्या एदलाबादच्या, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या आमदार. १९८५ साली त्या राज्यसभेवर जातात आणि त्याच वर्षी उजव्या रकान्यात शेखावत अमरावतीतून विधानसभेवर निवडून येतात. १९९१ साली ताई लोकसभेवर जातात त्याही अमरावतीतूनच. खान्देशात घडलेली कारकीर्द सासरच्या गावी वळली, हे एकेकट्या चरित्रात सहसा नजरेत भरत नाही. तरीही दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे लिहू नये. त्यासाठी त्या काळच्या वृत्तपत्रांचे जुने अंक चाळावेत.

उजवा रकाना स्वतंत्रपणे भरावा. शेखावत रसायनशास्त्राचे अध्यापक होते, विद्याभारती शिक्षणसंस्थेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता आणि अमरावतीचे पहिले महापौर तेच. आमदारकीसाठी विधिमंडळाची छापील कार्यवृत्ते, महापौरपदासाठी महापालिकेचे अभिलेख आणि अध्यापनासाठी त्यांचे जुने विद्यार्थी, अशी साधने निरनिराळी शोधावी लागतात. मृत्युलेख सहज मिळतात, पण ते एकमेकांवरून उतरवलेले असतात. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी पुण्यात झालेल्या निधनाच्या तारखेपुरताच त्यांचा आधार घ्यावा.

२००७ ते २०१२ हा राष्ट्रपती भवनातील काळ थोडक्यात आटोपावा. राज्यघटनेने राष्ट्रपतींच्या जोडीदाराला कोणतेही पद किंवा कर्तव्य दिलेले नाही. राष्ट्रपतींच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतनासारखे लाभ तेवढे राष्ट्रपतींच्या वेतन व निवृत्तिवेतनाविषयीच्या १९५१ च्या कायद्याखाली येतात. त्यामुळे ‘पदभार स्वीकारला’ असे शब्द इथे चुकीचे ठरतात. शेखावतांना ‘देशाचे पहिले गृहस्थ’ म्हणण्याची कसरतही करू नये, नाव पुरेसे आहे.

हीच पद्धत इतरांनाही लागू पडते. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या पत्नी, ब्रह्मदेशात जन्मलेल्या उषा नारायणन यांनी बर्मी कथांचे इंग्रजी अनुवाद केले, तर राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या पत्नी शुभ्रा मुखर्जी रवींद्रसंगीत गात. त्यांच्यावर लिहितानाही आधी हे काम मांडावे, मग राष्ट्रपती भवन. मसुदा तयार झाल्यावर त्यातील राष्ट्रपतींविषयीची सर्व वाक्ये पेन्सिलीने अधोरेखित करावीत. अधोरेखित भाग निम्म्याहून अधिक निघाला, तर उजव्या रकान्यासाठी पुन्हा वाचनालय गाठावे.