एसटीडी कोड: या चुका टाळा

साताऱ्याचा कोड ०२१६२, म्हणून अख्ख्या सातारा जिल्ह्याचा तोच, असं धरून चालणारे अजूनही भेटतात. एसटीडी कोड जिल्ह्याला नसतो. तो बहुतेक ठिकाणी तालुक्याएवढ्या टापूला असतो. कराड ०२१६४, वाई ०२१६७, फलटण ०२१६६, महाबळेश्वर ०२१६८. शिरवळ पुण्याच्या वाटेवर असलं तरी तिथे ०२० चालत नाही, ०२१६९ लागतो.

हीच चूक लग्नपत्रिकेत शिरली की फार महागात पडते. कार्यालय कराडचं, मजकूर देणारा साताऱ्याचा, त्यानं सवयीनं ०२१६२ लिहून दिलं. पाचशे पत्रिका वाटून झाल्या. कराडचा नंबरही सहा आकडी आणि साताऱ्याचाही, त्यामुळे फोन अडत नाही. तो साताऱ्यातल्या भलत्याच घरी वाजतो. ते बिचारे आठवडाभर ‘राँग नंबर’ सांगून थकतात आणि पाहुण्यांना वाटतं, कार्यालयवालेच नीट बोलत नाहीत. मजकूर देणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही.

सांगलीकडे हाच घोटाळा वेगळा दिसतो. सांगली-मिरजेचा कोड ०२३३, पुढे सात आकडे. तासगावचा ०२३४६, पुढे सहा. तासगावच्या नंबराआधी ०२३३ लावलं की एक आकडा कमी पडतो आणि फोन लागतच नाही. हिशोब सोपा आहे: सुरुवातीचा शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा आकडे भरले पाहिजेत. कोड लांब, तर नंबर आखूड. पुण्याला ०२० नंतर आठ आकडे येतात ते याचमुळे. दहा भरत नसतील तर पुन्हा पुन्हा डायल करून काहीच होणार नाही, आधी आकडे मोजा. आणि दहा भरले म्हणजे कोड बरोबरच, असंही नाही. वरची पत्रिका तशीच फसली.

+९१ लावलं की कोडाचा शून्य गाळायचा: +९१ २१६२ आणि पुढे नंबर. दोन्ही एकत्र नकोत.

मोबाइलवरून त्याच गावातल्या लँडलाइनला लावतानाही कोड हवाच. लँडलाइनवरून मोबाइल लावायचा तर १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य. मोबाइल नंबराला एसटीडी कोड नसतो, पाटीवर उगाच जोडू नका.

जुन्या पावतीपुस्तकावर ९५२३३ असं दिसलं तर ९५ काढून शून्य लावा. राज्यातल्या राज्यात ९५ लावायची पद्धत कधीच बंद झाली. तरीही जुनाच ठोकळा छापखान्यात देऊन नवी पुस्तकं काढणारे आहेत, आणि ते निव्वळ आळसापोटी.

प्रूफ हातात आलं की त्यावरचा नंबर पाठ असल्यासारखा लावू नये. कागदावर बघून, कोडासकट एकेक आकडा मोबाइलवर दाबावा आणि पलीकडून कार्यालयाचं नाव ऐकू आल्यावरच छपाईला हो म्हणावं. दोन मिनिटं लागतात. घाई असेल तेव्हा तर हे आधी करावं.