चॅलेंज रन अर्ध्यावर सोडावी लागू नये म्हणून या चुका टाळा

एखादा फॅन्टसी रोल-प्लेइंग गेम नेहमीच्या पद्धतीने पूर्ण झाला की तोच गेम स्वतःवर काही बंधने घालून पुन्हा खेळावा, ही आवड गोव्यातल्या फोंडा, म्हापसा, डिचोली या भागांतल्या माझ्या ओळखीच्या बहुतेक खेळाडूंना आहे. पावसाळ्यात घराबाहेर पडणे कमी झाले की अशा चॅलेंज रन विशेष उत्साहाने सुरू होतात आणि त्यांतल्या बऱ्याच चतुर्थीपूर्वीच सोडून दिल्या जातात. सोडणाऱ्याला कारण विचारले तर तो एखाद्या बॉसचे, म्हणजे टप्प्याच्या शेवटी उभ्या असलेल्या बलाढ्य शत्रूचे, नाव सांगतो. पण नीट चौकशी केली की बहुधा असे आढळते की अडचण बॉसपाशी आली असली तरी ती निर्माण झाली होती पहिल्याच संध्याकाळी, नियम ठरवताना. म्हणून या लेखात लढाईच्या डावपेचांपेक्षा नियमांच्या मांडणीवर आणि तांत्रिक तयारीवर अधिक भर दिला आहे.

नियम तोंडी आणि मोघम ठेवणे

सर्वाधिक आढळणारी चूक हीच आहे. ‘एल्डन रिंग’ (2022) या गेममध्ये ‘पहिल्या लेव्हलवरच खेळायचे’ असे, म्हणजे पात्राच्या ताकदीची पातळी वाढवायचीच नाही असे, ठरवणे सोपे वाटते, कारण त्यात रेच हा वर्ग निवडला की पात्र पहिल्या लेव्हलवर सुरू होते आणि त्याचे सर्व गुणांक (ताकद, चपळता वगैरेंचे आकडे) 10 असतात. पण गॉड्रिक या बॉसकडून मिळणारा ग्रेट रून चालू केला की लेव्हल न वाढवताही सर्व गुणांक प्रत्येकी पाचने वाढतात, आणि काही तावीजही गुणांक वाढवतात. ही वाढ चालेल का? राखेतून मदतीला बोलावलेले आत्मे चालतील का? नियम लिहिताना या प्रश्नांची उत्तरे दिलेली नसतील, तर ती एखाद्या बॉसने अनेकदा हरवल्यानंतर, चिडलेल्या मनःस्थितीत द्यावी लागतात, आणि त्या वेळी मन सोयीचेच उत्तर निवडते. त्यानंतर विजय मिळाला तरी तो आपला वाटत नाही, आणि रन सुटण्याचे खरे कारण बहुतेकदा हेच असते.

भात कापणी झाल्यावर मोकळ्या शेतात क्रिकेट खेळणारी मुले पहिला चेंडू टाकण्यापूर्वीच ठरवून टाकतात की शेजारच्या कुंपणात चेंडू गेला तर फलंदाज बाद, आणि माडाला लागून परतलेला झेल धरला जाईल की नाही. तेवढीच स्पष्टता येथे हवी.

पोकेमॉनच्या खेळाडूंमध्ये 2010 पासून रूढ झालेली नझलॉक पद्धत या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. तिचे मूळ नियम दोनच: प्रत्येक प्रदेशात प्रथम भेटणारा पोकेमॉनच पकडता येईल, आणि लढाईत बेशुद्ध झालेला पोकेमॉन मेला असे मानून तो पुन्हा वापरायचा नाही. इतके सुटसुटीत नियम असूनही प्रश्न उरलेच. प्रथम भेटलेला पोकेमॉन आपल्याजवळ आधीपासून असलेल्याच जातीचा निघाला तर काय करायचे? कथेत कोणी भेट म्हणून दिलेला पोकेमॉन मोजायचा की नाही? खेळाडूंनी अशा प्रत्येक प्रसंगासाठी हळूहळू उपनियम तयार केले, आणि ते खेळ सुरू होण्यापूर्वी जाहीर करण्याची पद्धत पडली. त्यामुळेच ही पद्धत इतकी वर्षे टिकली, असे माझे मत आहे.

आमच्या फोंड्याच्या गटातील एका विद्यार्थिनीने ‘स्कायरिम’ या गेमसाठी केलेले नियमांचे पान मला आदर्श वाटते. वहीच्या एका पानावर डावीकडे तिने नियम लिहिला आहे: ‘दुकानातून काहीही विकत घ्यायचे नाही.’ उजवीकडे त्याच नियमाच्या कडेकपारी नोंदवल्या आहेत. खानावळीतली खोली भाड्याने घेणे चालेल, कारण ती वस्तू नाही. घोडागाडीचे भाडे चालेल. पैसे देऊन शिक्षकाकडून कौशल्य वाढवणे चालणार नाही. घर विकत घेणे चालणार नाही. पानाच्या तळाशी तिने वेगळ्या शाईत लिहिले आहे: ‘येथे नसलेला प्रसंग आला तर अधिक कठीण पर्याय घ्यावा.’ या शेवटच्या ओळीमुळे मध्येच स्वतःशी वाद घालण्याची वेळ येत नाही, आणि म्हणून ती प्रत्येकाने आपल्या पानावर लिहून ठेवावी असा माझा आग्रह आहे.

गेमची रचना न तपासता बंधन निवडणे

काही बंधने गेमच्या कथेशीच टक्कर घेतात. ‘स्कायरिम’ (2011) मध्ये ‘शाउट (ड्रॅगनच्या भाषेतल्या जादुई आरोळ्या) अजिबात वापरायचे नाहीत’ असे अनेक जण ठरवतात. उस्टेनग्राव्ह या थडग्यातील एकामागून एक बंद होणारे दरवाजे पार करण्यासाठी व्हर्लविंड स्प्रिंट हा शाउट लागतो, आल्डुइन या मुख्य शत्रू ड्रॅगनला जमिनीवर उतरवण्यासाठी ड्रॅगनरेंड लागतो, आणि शेवटी सोव्हनगार्ड या परलोकातले धुके हटवण्यासाठी क्लिअर स्काइज लागतो. म्हणजे हा नियम शब्दशः पाळला तर मुख्य कथा पूर्णच होत नाही. यावर दोन उपाय आहेत. कथेने भाग पाडलेला वापर नियमात सुरुवातीलाच अपवाद म्हणून लिहावा, किंवा मुख्य कथेऐवजी एखाद्या गटाची कथा, उदाहरणार्थ थीव्ह्ज गिल्डची, हे आपले अंतिम उद्दिष्ट ठरवावे.

‘कोणालाही मारायचे नाही’ या बंधनाचेही तसेच आहे. शांत करणारे मंत्र ठरावीक लेव्हलपर्यंतच्याच शत्रूंवर चालतात, आणि मृतात्मे, डेड्रा (परलोकातले जीव) व यंत्रे यांच्यावर ते चालण्यासाठी इल्युजन (भ्रमविद्या) कौशल्यातले ‘मास्टर ऑफ द माइंड’ हे पर्क, म्हणजे निवडून घ्यायची खास क्षमता, घ्यावे लागते. तोपर्यंत तळघरे आणि थडगी टाळावी लागतात, ही गोष्ट आधी माहीत असेल तर मार्ग त्याप्रमाणे आखता येतो. शिवाय सोबत्याने मारलेला शत्रू आपल्या खात्यावर धरायचा की नाही, याचा निर्णय खेळाच्या सुरुवातीच्या हेल्गेन गावातून बाहेर पडण्यापूर्वीच झालेला असावा, कारण तेथे बरोबर असलेला हॅडव्हार किंवा रालोफ स्वतःच शस्त्र चालवतो.

वेगवान प्रवास बंद ठेवण्याच्या नियमाविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण हा नियम मला अतिशय प्रिय आहे आणि तोच सर्वाधिक चुकीच्या गेमवर लादला जातो. ‘मॉरोविंड’ (2002) मध्ये नकाशावर बोट ठेवून कुठेही पोहोचण्याची सोय मुळातच नव्हती. त्याऐवजी सिल्ट स्ट्रायडर, बोटी आणि मेजेस गिल्डमधून दुसऱ्या शहरात पाठवणारे जादूगार होते, आणि काम सांगणारी माणसे रस्ता शब्दांत समजावून सांगत: अमुक पुलावरून उत्तरेकडे वळा, मग डाव्या हाताला टेकडी लागेल. त्या जगात चालत जाणे हा खेळाचा गाभा होता. ‘स्कायरिम’मधली कामे मात्र नकाशावर खूण दिसणार हे गृहीत धरून लिहिली आहेत, आणि पुष्कळदा संवादात दिशा दिलेलीच नसते. त्यामुळे तेथे वेगवान प्रवास बंद करणे आनंददायक ठरू शकते, पण त्याबरोबर नकाशावरच्या खुणाही बंद केल्या तर खेळाडू निव्वळ भटकत राहतो. माझा सल्ला असा की खुणा चालू ठेवाव्यात, घोडागाडीला परवानगी द्यावी, आणि आपोआप मिळत राहणारी, नकाशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवणारी किरकोळ कामे स्वीकारूच नयेत.

कठीण वाटणारे बंधन प्रत्यक्षात सोपे निघणे

‘फायनल फॅन्टसी 8’ (1999) मध्ये साधे शत्रू आपल्या पार्टीच्या (सोबत लढणाऱ्या पात्रांच्या) सरासरी लेव्हलप्रमाणे बलवान होतात, तर आपली ताकद मुख्यतः साठवलेली जादू गुणांकांना जोडण्याच्या जंक्शन पद्धतीतून येते. परिणामी ‘लेव्हल वाढवायची नाही’ हे बंधन घेतल्यावर गेम नेहमीपेक्षा सोपा होतो. केट्झाकोटल या मदतनीस शक्तीकडून मिळणाऱ्या कार्ड कमांडने शत्रूचे पत्त्यात रूपांतर केले तर अनुभवगुण मिळत नाहीत, पण क्षमता शिकण्यासाठी लागणारे गुण मिळतात. ‘स्कायरिम’मध्ये नेमके उलट घडते. तेथे लोहारकाम किंवा वाटाघाटी यांसारखी लढाईबाहेरची कौशल्ये वाढवली तरी पात्राची लेव्हल वाढते, अनेक शत्रूही त्या प्रमाणात बलवान होतात, आणि लढाईची कौशल्ये मात्र मागेच राहतात. ‘सुरुवातीला व्यापारी, मग योद्धा’ अशी रन घेणाऱ्याला मध्यावर अचानक अडकल्यासारखे वाटते, त्याचे कारण हे आहे. अशा वेळी लोहारकाम थांबवावे आणि शिक्षकाकडून किंवा सरावाने एकच शस्त्रकौशल्य वर आणावे.

एका गेममधले शहाणपण त्याच मालिकेतल्या दुसऱ्या गेममध्ये चालेलच असेही नाही. पहिल्या ‘डार्क सोल्स’ (2011) मध्ये पायरोमॅन्सर हा वर्ग पहिल्या लेव्हलवर सुरू होतो, आणि पायरोमॅन्सीचा, म्हणजे अग्निजादूचा, मारा गुणांकांवर नव्हे तर हातातली ज्योत किती वाढवली आहे यावर अवलंबून असतो. म्हणूनच तेथे लेव्हल न वाढवता खेळणे शक्य कोटीतले ठरते. तिसऱ्या भागात (2016) हाच मारा इंटेलिजन्स आणि फेथ या गुणांकांशी जोडला गेला, त्यामुळे जुनी योजना जशीच्या तशी उचलणारा खेळाडू कमजोर आगीनिशी उभा राहतो.

एकाच वेळी चार-पाच बंधने घेणे हीसुद्धा चूकच आहे. प्रथम एक बंधन घ्यावे आणि निम्मा गेम झाल्यावर, पुढची वाट सोपी वाटत असेल तरच, दुसरे जोडावे.

एकच आयुष्य, आणि गेलेली वीज

पात्र मेले की रन संपली, या नियमाने खेळताना तांत्रिक तयारी नसणे ही सर्वांत दुःखद चूक आहे. ‘बाल्डर्स गेट 3’ मध्ये नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस ऑनर मोड आला. त्यात एकच सेव्ह (खेळाची जतन केलेली स्थिती) असते, आणि सगळी पार्टी पडली तर खेळ पुढे चालू ठेवता येतो, पण ऑनरचा दर्जा जातो. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्याकडेचे झाड तारांवर पडून वीज जाणे नवीन नाही. सेव्ह लिहिली जात असतानाच संगणक बंद पडला तर ती फाइल निकामी होऊ शकते. डेस्कटॉप असेल तर यूपीएस आवश्यकच समजावा, आणि विजा कडाडू लागल्यावर लांबलचक लढाई सुरू करू नये.

सेव्ह फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवावी का, यावर आमच्या गटात मतभेद आहेत. माझे मत स्पष्ट आहे: ठेवावी, पण ती कधी वापरायची हे नियमांच्या पानावर लिहिलेले असावे. वीज गेली, गेम बंद पडला, पात्र दगडांत अडकून बाहेरच येईना, एवढ्याच प्रसंगी प्रत वापरावी. शत्रूने मारले किंवा कड्यावरून पाय घसरला, तर तो पराभव आहे.

‘स्कायरिम’मध्ये हा नियम घेणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन विश्रांती घेताना, थांबताना आणि प्रवास करताना होणाऱ्या आपोआप सेव्हचे पर्याय पाहून घ्यावेत, कारण पात्र मेल्यावर गेम स्वतःच शेवटची सेव्ह उघडतो आणि खेळाडू नकळत खेळत राहतो. दुसरी काळजी फ्रेम रेटची, म्हणजे दर सेकंदाला दाखवल्या जाणाऱ्या चित्रांच्या संख्येची. या गेममधल्या वस्तूंच्या हालचालींचे गणित फ्रेम रेटशी बांधलेले असल्यामुळे 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर मर्यादा न घालता तो चालवला तर भांडी, पुस्तके आपोआप उडू लागतात. मर्यादा 60 वर ठेवावी. ‘डार्क सोल्स 2’ च्या संगणक आवृत्तीतही असाच दोष होता: 60 फ्रेमवर शस्त्रे दुप्पट वेगाने झिजत असत, आणि तो दोष पुढे दुरुस्त करण्यात आला.

ऑनर मोडमध्ये अडकलेल्यांसाठी एक उपाय सांगितलाच पाहिजे. लढाई हाताबाहेर जात आहे असे दिसताच एका सोबत्याला शत्रूंपासून दूर न्यावे आणि पळून जाण्याचा पर्याय वापरून तळावर पोहोचवावे. तेथे असलेला विदर्स 200 सोन्याच्या नाण्यांत प्रत्येक मृत सोबत्याला परत उठवतो. अनेक रन केवळ सगळे जण शेवटपर्यंत लढत राहिल्यामुळे संपतात.

मध्ये खंड पडल्यावर थेट लढाईत उतरणे

चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरते, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधायची असते, आरत्या रात्री उशिरापर्यंत चालतात, आणि खेळ सहज दोन आठवडे बंद राहतो. परतल्यावर बटणांची सवय मोडलेली असते आणि आपल्याच योजनेचा धागा हरवलेला असतो. म्हणून खेळ थांबवण्यापूर्वी पात्राला एखाद्या गावात सुरक्षित ठिकाणी आणून ठेवावे आणि नियमांच्या पानामागे तीन गोष्टी लिहाव्यात: पुढचे काम कोणते, कोणती औषधे किती उरली आहेत, आणि कोणत्या शत्रूला मुद्दाम टाळायचे ठरवले होते. परत सुरू करताना प्रथम दोन-तीन क्षुल्लक लढाया कराव्यात, आणि बॉसच्या दारापर्यंत त्याच दिवशी जाऊ नये.