जुन्या ऐरणीवरचे शिक्के वाचताना या चुका टाळा, मी केल्यात म्हणून सांगतोय

पुण्याच्या जुन्या बाजारातून ऐरण उचलली तेव्हा तिच्या कमरेवर मला १ ९ २१ दिसलं आणि मी आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटलो की १९२१ सालची आहे, शंभर वर्षं जुना माल, व्हॉट्सअॅपवर फोटो पण टाकून झाले. ते साल नव्हतंच, वजन होतं. आणि तो ९ पण ९ नव्हता, शून्य होतं, खालून कुणाच्यातरी छिन्नीचा ओरखडा गेलेला.

तर चूक नंबर एक हीच. इंग्लंडात बनलेल्या जुन्या ऐरणीवर तीन आकडे सुटे सुटे ठोकलेले असतात, मधे कधी टिंब असतं कधी नसतं, आणि तो हिशोब हंड्रेडवेटचा. पहिला आकडा हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड (१०० नाही, इथेच बरेचजण गंडतात), दुसरा क्वार्टर म्हणजे २८ पौंड, तिसरा सुटे पौंड. माझी १-०-२१, म्हणजे ११२ अधिक २१, १३३ पौंड, साठ किलोच्या जरा वर. भंगारवाल्याच्या काट्यावर साडेएकोणसाठ भरली, कडा इतक्या झिजल्यात की तेवढं चालायचंच.

यात एक भारी सोय आहे बघा. चार क्वार्टरचा एक हंड्रेडवेट, म्हणून मधला आकडा ० ते ३ च असू शकतो, आणि शेवटचा २७ च्या वर जातच नाही. मधे ९ दिसला तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती. आकडे अगदीच पुसलेले असतील तर उलटं जा, आधी काट्यावर ठेवा, किलोला २.२ ने गुणा, त्यातून ११२ वजा होतात तितक्यांदा करा, उरलेल्याला २८ ने भागा, मग पुसट खुणा त्या उत्तराशी जुळतात का बघा. बाकी साल कधीच नसतं असं नाही, विल्यम फॉस्टर या इंग्रज कारखानदाराच्या ऐरणींवर साल ठोकलेलं सापडतं, पण बहुतेकांवर नाही.

दुसरी चूक मोठी आणि ती परत दुरुस्त होत नाही. गंज दिसला की ग्राइंडरला वायर ब्रश लावायचा. अरे बाबांनो, अक्षरं केसभरच खोल उरलेली असतात! रात्रभर रॉकेल किंवा डिझेल लावून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा, बास. मग रात्री लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च लोखंडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा आणि हळूहळू फिरवत रहा, समोरून कोरं दिसणारं लोखंड सावलीत एकदम बोलायला लागतं. टाल्कम पावडर चोळून हलक्या हाताने पुसली तरी अक्षरं पांढरी होतात (रांगोळी नको, खरखरीत असते). नाहीतर लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायचो तसं करा.

नाव वाचताना घाई नको. दोन अक्षरं मिळाली की उरलेली आपलं मनच भरतं. पीटर राइट म्हणजे इंग्लंडातल्या डडली गावची ऐरण, तिच्यावर नावासोबत एक गोल असतो, त्यात कडेने इंग्रजीत ‘सॉलिड रॉट’ (म्हणजे अख्खी घडीव) लिहिलेलं, नाव गेलं तरी गोलाचा तुकडा राहतो. ‘इंग्लंड’ शब्द पण असेल तर साधारण १९१० नंतरची धरतात. शेफिल्डच्या माउसहोल (म्हणजे उंदराचं बीळ) कारखान्याच्या ऐरणीवर कधीकधी चक्क उंदीर असतो.

अमेरिकन माल आला तर पाटी कोरी करून बसा, तिथे वजन सरळ पौंडात. हे-बडन कंपनीच्या ऐरणीच्या पुढच्या पायावर लांबलचक सिरीयल नंबर असतो, त्याला वजन समजू नका. ट्रेंटन लिहिलेली ऐरण न्यू जर्सीतल्या ट्रेंटन गावची नाही, ओहायोतल्या कोलंबसची, आणि खरोखर ट्रेंटन गावात बनायची ती फिशर, जिच्यावर गरुड! हातोडा धरलेला हात दोन कंपन्यांचा होता, आत ठोकलेला असेल तर आर्म अँड हॅमर, उठावदार ओतलेला असेल तर व्हल्कन. हे एवढं बोटाने चाचपून पण कळतं.

बाणाची खूण दिसली तर तो कारखान्याचा शिक्का समजू नका, ब्रिटिश सरकारी मालाची खूण आहे ती, खाली इंग्रजी आय असेल तर हिंदुस्थान सरकारच्या मालाची. मालकांनी नंतर ठोकलेली नावं तर कुठेही असतात, आणि नेमकी तीच ठसठशीत वाचता येतात.

आवाजावरून पण फसू नका. ऐरण खणखणली नाही म्हणून एकाने फिशर खोटी ठरवून भंगारात घातली, फिशर खणखणतच नाही, खाली ओतीव लोखंड आणि वर पोलादाची पट्टी अशी ती बनते. त्यापेक्षा बेअरिंगची गोळी वरून सोडा, पाऊण उंचीपर्यंत परत उडाली की पृष्ठभाग अजून कडक आहे. आणि तो पृष्ठभाग सपाट करायला मशीनवर नेऊ नका, पट्टी मुळातच पातळ असते.

माझ्या ऐरणीवर शेवटी गोलाचा अर्धा तुकडा आणि ‘राइट’ची दोन अक्षरं निघाली, म्हणजे पीटर राइट नक्की. ‘इंग्लंड’ होतं की नव्हतं ते मात्र आता कळणार नाही, कारण गोलाच्या आजूबाजूला पहिल्याच दिवशी मी ग्राइंडर फिरवला होता आणि ती जागा आरशासारखी चकाचक आहे.