जुना डेस्कटॉप टीव्हीला जोडून घरचं थेटर कसं करायचं

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मधे संपला आणि तेव्हापासून बऱ्याच घरातले चांगले चालणारे डेस्कटॉप भंगारात निघालेत, कारण त्यांच्यावर ११ चढत नाही. पण विकू नका! सिनेमे बघायला ती मशीन अजून मस्त चालते.

आधी कॅबिनेटच्या मागे एचडीएमआय (एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही नेणारं सॉकेट) आहे का बघा. नुसतं व्हीजीए (मॉनिटरचं जुनं सॉकेट) असेल तर त्यातून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही, मग कन्व्हर्टर, वेगळी ऑडिओ वायर असला पसारा वाढतो. मग प्रोसेसर बघा. इंटेलची चौथी जनरेशन असली तरी १०८०पी चे नेहमीचे सिनेमे आरामात चालतात, पण ४के मधल्या १० बिट एचईव्हीसी (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) फाइली हार्डवेअरवर, म्हणजे चिपमधल्या व्हिडिओसाठीच्या खास भागावर चालवायच्या तर सातवी किंवा पुढची जनरेशन लागते, त्याच्या खाली सगळा भार प्रोसेसरच्या मुख्य भागावर येतो आणि चित्र अडखळतं. ४के पाहिजेच असेल तर जीटी १०३० सारखं छोटं ग्राफिक्स कार्ड टाका, वेगळी पॉवर वायर लागत नाही. जीटी ७१० स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, त्यात एचईव्हीसी उलगडणारा भागच (डिकोडर) नाहीये.

आता सॉफ्टवेअर. कोडी टाका, म्हणजे सिनेमे मांडून दाखवणारं आणि चालवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, पूर्वी एक्सबीएमसी नावाने होतं तेच. मशीन फक्त टीव्हीसाठीच ठेवणार असाल तर लिब्रेइलेक टाका, ती छोटीशी लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम) आहे, चालू केलं की सरळ कोडीच उघडतं. इन्स्टॉल करताना अख्खी डिस्क पुसली जाते हं, घरचे फोटो आधी काढून घ्या!! आणि त्यात नेहमीसारखा ब्राउझर नाही, म्हणून ओटीटी बघणं जास्त असेल तर लिनक्स मिंट टाकून त्यावर कोडी आणि क्रोम दोन्ही ठेवा, ते बरं पडतं.

फाइलींची नावं नीट द्या. प्रत्येक सिनेमाला वेगळं फोल्डर, इंग्रजी स्पेलिंगमधे नाव आणि कंसात वर्ष, एवढं केलं की पोस्टर, कलाकार, माहिती सगळं आपोआप येतं.

बहुतेक जण वैतागतात ते आवाजाला. गाणं दणदणीत आणि संवाद पुटपुटल्यासारखे, आई म्हणते आवाज वाढव, मग मारामारी आली की कमी कर. फाइल ५.१ ची (सहा स्पीकरसाठी वाटलेल्या आवाजाची) असते आणि संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात, तो स्पीकर आपल्याकडे नसतोच. कोडीच्या सेटिंग्जमधे सिस्टिम, मग ऑडिओ, तिथे चॅनलची संख्या २.० करा म्हणजे संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमधे व्यवस्थित मिसळले जातात. तिथेच आउटपुट डिव्हाइस एचडीएमआयचंच निवडलंय ना बघा, नाहीतर आवाज कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या पिनमधे जात बसतो. पासथ्रू (आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवणं) फक्त होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे स्पीकर जोडायचा ॲम्प्लिफायर असेल तरच चालू करायचं.

चित्र कडेने कापलं जात असेल तर तो दोष टीव्हीच्या सेटिंगचा, पिक्चर साइझमधे जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी असतं ते लावा. काळा रंग राखाडी दिसत असेल तर कॉम्प्युटर आणि टीव्ही दोघांची आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची रंगांची मर्यादा) सारखी करा, दोन्हीकडे फुल नाहीतर दोन्हीकडे लिमिटेड. कॅमेरा फिरताना चित्र झटके खात असेल तर कोडीच्या प्लेअर सेटिंगमधे रिफ्रेश रेट (टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो) आपोआप बदलायचा ऑप्शन चालू करा, सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि टीव्ही ६० वर चालत असतो म्हणून ते होतं.

रिमोटसाठी अँड्रॉइड फोनवर कोरे नावाचं कोडीचंच ॲप आहे, फक्त फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफाय राउटरवर पाहिजेत आणि कोडीच्या सर्व्हिसेसमधे एचटीटीपी कंट्रोल चालू पाहिजे. पण घरात आजी-आजोबा असतील तर टचपॅडवाला छोटा वायरलेस कीबोर्डच घ्या, त्यांना बाण आणि एंटर एवढंच दाखवलं की जमतं.