पाठ घेण्याआधीचा आठवडा : प्राथमिक शाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक पदविकेच्या, आंतरवासितेसाठी (शाळेतल्या सरावासाठी) दरवर्षी आमच्या शाळेत नवे छात्राध्यापक येतात. टाचणवहीला (पाठाचं नियोजन लिहायच्या वहीला) कव्हर घातलेलं असतं, तक्ते गुंडाळून आणलेले असतात आणि पहिल्याच दिवशी प्रश्न येतो, "बाई, माझा पाठ कधी?" हा उत्साह मला मनापासून आवडतो. तरी माझं उत्तर ठरलेलं आहे : पहिला आठवडा पाठ घेऊ नका. वर्गात बसा, मुलांत मिसळा आणि कोणतं मूल कुठवर पोचलंय ते शोधून काढा. मुंबई महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीच्या वर्गावर शिकवताना मला जे उपयोगी पडलं, ते इथे लिहितेय. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास होऊन नव्याने रुजू होणाऱ्यांनाही ते कामी येईल.

शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. शिक्षकांच्या ओळीत मागे उभं राहण्यापेक्षा मुलांच्या बाजूला उभे राहा. कोण नुसतेच ओठ हलवतंय, कोणाला पुढे येऊन बोलायचं आहे पण हात वर होत नाही, कोण रोज उशिरा येतंय, हे तिथे कळतं. उशिरा येणाऱ्या मुलाला लगेच रागावू नका. आमच्याकडे अशी मुलं बहुतेक वेळा धाकट्या भावंडाला बालवाडीत सोडून आलेली असतात, कारण आई पहाटेच कामावर गेलेली असते. हजेरी तुम्हाला घ्यायला मिळाली तर नावागणिक मान वर करून चेहरा पाहा. दोन दिवसांत सगळी नावं पाठ झाली पाहिजेत. नावाने हाक मारली की तिसरीचं मूल तुमचं होतं.

आता वाचनाबद्दल, कारण आठवड्यातला सर्वांत जास्त वेळ तिथे द्यावा असं मला वाटतं.

मुलाला पाठ्यपुस्तक देऊन "वाच" म्हटलं तर फसगत होते. आमच्या वर्गातला एक मुलगा दुसरीतली कविता घडाघडा म्हणायचा. हावभावासकट, एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याचं बोट मात्र दोन ओळी मागे असायचं, आणि कविता संपली तरी बोट पानाच्या मध्यावरच. त्याच कवितेतला एक शब्द फळ्यावर वेगळा लिहिला तेव्हा तो गप्प झाला. त्याला सगळं ऐकून पाठ होतं. अशी मुलं हुशार असतात, स्मरणशक्तीवर वर्षानुवर्षं निभावून नेतात, आणि म्हणूनच शिक्षकांच्या नजरेतून सुटतात. वाचनाची पडताळणी नेहमी मुलाने आधी न पाहिलेल्या मजकुरावर करा.

पद्धत सोपी आहे. मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या 'असर'च्या सर्वेक्षणात वापरतात तसे चार टप्पे करा : अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. वर्गासमोर नको; व्हरांड्यात किंवा खिडकीपाशी शेजारी बसवून घ्या, समोरासमोर बसवलं की मुलाला परीक्षा वाटते. अडखळलं तर कशावर अडखळलं ते लिहा. म आणि भ, घ आणि ध, ब आणि व यांत गोंधळ आहे का? काना-मात्रा जमतात पण जोडाक्षर आलं की थांबतं का? 'वाचता येत नाही' एवढी नोंद कोणाच्याच कामाची नाही. 'उकार-वेलांटीसह शब्द वाचतो, रफार व जोडाक्षरं गाळतो' अशी नोंद असेल तर उद्या काय घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच कळतं. तिसरीच्या एकाच वर्गात या चारही टप्प्यांवरची मुलं भेटतील. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगितलं आहे. पण ती तीस मुलं एकाच पानावर असतील असं कोणत्याच कायद्याला ठरवता येणार नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचा सगळा भर तिसरीपर्यंत वाचन आणि संख्याज्ञान पक्कं करण्यावर आहे, तो याचसाठी.

मुंबईत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मराठी माध्यमाच्या वर्गात बसलेल्या मुलाच्या घरी मराठीच बोलतात असं नाही. कुणाच्या घरी हिंदी, कुणाकडे भोजपुरी, कुणाकडे बंजारा. मराठी असलं तरी ते कोळीवाड्यातलं किंवा मालवणी वळणाचं असतं. "बाई, माझी पेन पडली, मला भेटत नाय" असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे व्याकरण दुरुस्त करू नका. "तुझं पेन सापडत नाही का? चल, शोधू या," एवढं बोला. योग्य रूप त्याच्या कानावर पडलं आणि त्याचं बोलणंही थांबलं नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा टोकलेलं मूल पुढे तुमच्याशी बोलायला धजत नाही, हे मी पाहिलं आहे.

गणिताच्या तासाला काड्यांचे दशकाचे गठ्ठे, मणिमाळ आणि खेळण्यातल्या नोटा हाताशी ठेवा. शाळेच्या कपाटात हे साहित्य असतं. चावी कोणाकडे असते ते पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. मराठीत संख्या म्हणताना एकक आधी येतो. 'पंचवीस' ऐकलं की मूल आधी ५ लिहितं, मग २, आणि वहीत होतात ५२. एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळी त्याहून अवघड, कारण तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात २९. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत दिली गेली तेव्हा राज्यभर वाद झाला होता. वाद बाजूला ठेवा, पण त्यामागची अडचण खरी आहे, ती रोज वहीत दिसते. मी मुलांना आधी गठ्ठे आणि सुट्या काड्या मांडायला लावते, मग अंक लिहून घेते आणि संख्येचं नाव शेवटी. ५२ आणि २५ बाकावर शेजारी शेजारी मांडले की मुलं स्वतःच हसतात आणि खोडरबर मागतात.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. संध्याकाळी आईबरोबर भाजीच्या गाडीवर बसायचा. मेथीच्या तीन जुड्या, पंधरा रुपयाला एक, गिऱ्हाइकाने पन्नासची नोट दिली, तर किती परत? विचारायचा अवकाश, "पाच" म्हणून मोकळा. तेच वहीत ५० वजा ४५ उभं मांडून दिलं तर त्याचं उत्तर १५. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून त्याने पाचातून शून्य घालवलं होतं. दशकाच्या घरात पाचातून चार, राहिला एक. मी चूक म्हणून फुली मारली नाही. "पन्नासची नोट घेऊन तू गिऱ्हाइकाला पंधरा परत देशील?" विचारलं. तो वहीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "आई ओरडेल." त्यानंतर त्याने दहाची एक नोट सुटी करून दहा नाणी मांडली आणि हातच्याची वजाबाकी त्या दिवशी त्याला समजली. मुंबईतल्या वस्तीतल्या मुलांकडे असं रस्त्यावरचं गणित भरपूर असतं. दूधवाल्याचा हिशोब, रिक्षाचं मीटर, बेस्टच्या बसवरचे देवनागरी आकडे. ते वर्गात आणणं हे शिक्षकाचं काम आहे.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये जाऊ नका. पोषण आहार वाटताना तिथे थांबा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं या योजनेचं प्रमाण आहे. आहार मुलांना देण्याआधी मोठ्यांनी चव घेऊन तशी नोंद करायची असते; ती वही पाहून ठेवा. कोण दोनदा खिचडी मागतंय, कोण डब्यात भरून घरी नेतंय, हेही दिसेल. त्याची चर्चा चारचौघांत करायची नाही, वर्गशिक्षिकेला बाजूला घेऊन सांगायचं.

क्षेत्रभेट याच आठवड्यात असली तर तुमचं नशीब. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारतीने जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळं काढलेलं आहे, त्यामुळे मुलांच्या पुस्तकात त्यांची स्वतःची मुंबई आहे. लांब जायची गरज नसते. पोस्ट ऑफिस, मासळी बाजार, अग्निशमन केंद्र चालतच गाठता येतं. राणीच्या बागेत न्यायचं तर ती बुधवारी बंद असते, एवढं आधीच लक्षात ठेवा. पालकांची संमतीपत्रं, मुलांच्या गळ्यात ओळखपत्र, दोन-दोनच्या जोड्या, रस्ता ओलांडण्याआधी आणि ओलांडल्यावर मोजणी. प्रत्येक जोडीच्या हातात एकच प्रश्न द्या, दहा नकोत. मासळी बाजारात "बर्फ कुठून येतो?" हा प्रश्न घेऊन गेलेल्या जोडीने कोळणीला इतकं विचारलं की शेवटी तिनेच त्यांना बर्फाचा तुकडा हातात देऊन बसवलं. परत आल्यावर जे लेखन झालं त्यात शुद्धलेखनाच्या चुका खूप होत्या आणि वाक्यं मात्र त्यांची स्वतःची होती.

पावसाळ्यात आलात तर एक पर्यायी बेत तयार ठेवा. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि रुळांवर पाणी साचलं की अर्धा वर्ग गैरहजर असतो. अशा दिवशी नवा घटक घ्यायचा नाही, नाहीतर तोच पुन्हा शिकवावा लागतो. गोष्ट सांगा, श्रुतलेखनाचा खेळ घ्या, मागे पडलेल्या दोघा-तिघांना जवळ घेऊन बसा.

शुक्रवारी वर्गशिक्षिकेची नोंदवही मागून वाचा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला असतो आणि ३० टक्के संकलितला. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. म्हणजे सत्राच्या शेवटच्या पेपरपेक्षा रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, स्वाध्याय यांना वजन जास्त. नव्यांच्या नोंदी बहुधा 'अभ्यासात रस घेतो', 'नियमित येतो' अशा असतात. त्या कोणत्याही मुलाला लागू पडतात. तुम्ही आठवडाभर जे टिपलंत ते इथे उतरवा : 'दोन अंकी हातच्याची बेरीज काड्यांच्या मदतीने करते, कागदावर हातचा मिळवायला विसरते.'

शाळा सुटताना गेटवर थांबा. आया दोन मिनिटंच थांबतात, कित्येकींना पुढच्या घरचं काम गाठायचं असतं. पहिल्या भेटीत तक्रार सांगायची नाही. तिच्या मुलाने आज केलेली एक चांगली गोष्ट सांगा. पुढे शाळा व्यवस्थापन समितीची किंवा पालकांची सभा लागेल तेव्हा तीच आई वेळ काढून येईल.

शनिवारी दप्तर नसतं. राज्य शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' सुरू केला आहे. माती, कागद, गाणी, योगासनं, सापशिडी. इथे मुलांना खेळू द्या आणि तुम्हीही खेळा. सापशिडीत फासा टाकून कोण घरं मोजत जातं आणि कोण सरळ ४७ वरून ५२ वर उडी मारतं, हे बघण्यासारखं असतं.

एवढं झालं की वर्गशिक्षिकेकडे पाच मुलं मागा, सगळा वर्ग नको. एकाच टप्प्यावरची पाच मुलं आणि वीस मिनिटं. उदाहरणार्थ, जोडाक्षरांवर अडलेली. सोमवारी त्यांच्यासाठीच शब्दपट्ट्या करून आणा, त्यांच्याच तोंडचे शब्द घेऊन : बिस्कीट, दप्तर, चप्पल, रिक्षा, मस्ती. टाचण त्या पाच जणांच्या नावानिशी लिहा आणि तासानंतर कोणाला काय जमलं ते त्याच पानावर नोंदवा. मोठा पाठ त्याच्या पुढच्या आठवड्यात घ्या.