गेम खेळताना लॅपटॉप तापत असेल तर

विदर्भात एप्रिल सरत आला की लॅपटॉपवर गेम खेळणाऱ्या मुलांची एक तक्रार हमखास कानावर येते: पहिली दहा-पंधरा मिनिटे सगळे सुरळीत चालते, मग चित्र अडखळू लागते, पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत जातो आणि कीबोर्डवर बोटे टेकवत नाहीत. या वर्णनातच निम्मे निदान दडलेले असते. गेम पहिल्या मिनिटापासूनच अडखळत असेल, तर बहुधा त्या मशीनला तो झेपत नाही किंवा रॅम अपुरी पडते. सुरुवातीला चांगला चालून नंतर मंदावत असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. प्रोसेसरला ठरवून दिलेली एक कमाल मर्यादा असते, आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, आणि त्या मर्यादेला पोहोचताच तो जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. वेग कमी करूनही तापमान आटोक्यात आले नाही, तर लॅपटॉप कोणतीही सूचना न देता बंद पडतो.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी मोजमाप करावे. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ‘सेन्सर्स ओन्ली’ या पर्यायाने सुरू करावे, नेहमीचा गेम वीस मिनिटे खेळावा आणि मग सीपीयू (प्रोसेसर) व जीपीयू (ग्राफिक्स कार्डची चिप) यांच्या तापमानाचे ‘मॅक्सिमम’ रकान्यातले आकडे वहीत उतरवून घ्यावेत. त्या वेळी खोलीचे तापमान किती होते हेही लिहावे, कारण खोली जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी आतली चिपही तापते. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ८२ दाखवणारा लॅपटॉप मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ९५ च्या पुढे गेला, तर त्यात बिघाड झालेला नसतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये ८० ते ९० अंश हे नेहमीचे तापमान आहे आणि त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मर्यादेला वारंवार टेकणे आणि त्याबरोबर वेग घसरणे, हे लक्षण मात्र गंभीरपणे घ्यावे.

जागेचा उपाय आधी, कारण त्याला पैसे लागत नाहीत. बहुतेक लॅपटॉप तळाच्या जाळीतून हवा आत ओढतात आणि मागून किंवा बाजूने बाहेर टाकतात. गादीवर, उशीवर किंवा मांडीवर ठेवला की ही जाळीच झाकली जाते. टेबलावर ठेवून मागची बाजू दोन-अडीच सेंटिमीटर उचलावी आणि मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडावी. मी स्वतः कॅरमच्या तीन-तीन सोंगट्या दुहेरी टेपने चिकटवून त्यांचे दोन पाय केले आहेत आणि मला कूलिंग पॅडची गरज भासलेली नाही. एक सावधगिरी आमच्याकडच्या कूलरबाबत: कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नये, कारण त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि क्षारयुक्त पाणी सर्किटवर सुकले की ते गंजू लागते. कूलरने खोली थंड करावी, लॅपटॉप झोताच्या बाहेर ठेवावा.

यानंतरचा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि नेमका तोच बहुतेक जण करत नाहीत: फ्रेम रेटला, म्हणजे सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांच्या (फ्रेमच्या) संख्येला, मर्यादा घालणे. पडदा ६० हर्ट्‌झचा असताना, म्हणजे तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलत असताना, ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दीडशे फ्रेम तयार करत असेल, तर त्यातल्या बहुतांश फ्रेम पूर्ण दिसतही नाहीत, पण त्यांच्यासाठी लागणारी वीज खर्च होते आणि तिची उष्णता होते. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’खाली ‘मॅक्स फ्रेम रेट’ हा पर्याय असतो. तिथे ६० लिहावे, आणि पडदा १४४ हर्ट्‌झचा असला तरी उन्हाळ्यापुरते ९० वर थांबायला हरकत नाही. अनेक गेममध्ये मेन्यूसाठी वेगळी मर्यादा असते, तीही लावावी. साध्या मेन्यूच्या पडद्यावर पंखा किंचाळू लागतो तो याच कारणाने. त्यानंतर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची ‘मॅक्सिमम स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के करून पाहावी. या एका टक्क्याने बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने गरजेनुसार आपला वेग वाढवणे, बंद होतो आणि तापमान लक्षणीय खाली येते. जे गेम प्रोसेसरवर फार अवलंबून असतात त्यांचा वेग मात्र थोडा कमी होतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. तिथे कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधला ‘बॅलन्स्ड’ मोड निवडावा.

एवढे करूनही मागच्या वर्षीपेक्षा आकडे वाढलेलेच असतील, तर आत धूळ साचली आहे असे समजावे. माझा लॅपटॉप तीन उन्हाळे काढल्यावर मी पहिल्यांदा उघडला, तेव्हा पंख्याची पाती तशी स्वच्छच दिसत होती. पंखा सोडवून बाजूला केला, तेव्हा त्याच्या आणि तांब्याच्या बारीक पत्र्यांच्या मधोमध राखाडी नमद्यासारखी एक पट्टी चिमटीत अख्खी निघून आली. हवा बाहेर जाण्याची वाटच तिने बंद केली होती. बाहेरून ब्लोअर मारल्याने हा थर निघत नाही, उलट कधीकधी आणखी आत घट्ट बसतो. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रातूनच सफाई करून घ्यावी. स्वतः करायची असेल तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, तळ उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा, आणि हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. ती मोकळी गरगरू दिली तर बेअरिंग खराब होऊ शकते. तळ उघडला की बॅटरी फुगलेली नाही ना हेही पाहावे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि ती बदलेपर्यंत लॅपटॉप वापरू नये.

थर्मल पेस्ट (चिप आणि तिची उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग, म्हणजे हीटसिंक, यांच्यामधला लेप) बदलण्याचे काम मात्र हात बसलेल्या माणसाने करावे असे माझे मत आहे. काही लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असते, ते विजेचे वाहक असते आणि त्याचा एक थेंब इकडेतिकडे गेला तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. तुमच्या मॉडेलमध्ये ते असेल तर हीटसिंकला हातच लावू नये. साधी पेस्ट असेल तर जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, नवी पेस्ट चिपच्या संपूर्ण पृष्ठभागावर पातळ पसरावी आणि स्क्रू त्यांच्याजवळ छापलेल्या क्रमांकानुसार थोडे थोडे आवळावेत. मग त्याच गेमची वीस मिनिटांची चाचणी पुन्हा घ्यावी. सगळे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) एकसारखे काम करत असताना एखादाच कोअर इतरांपेक्षा पंधरा-वीस अंशांनी पुढे जात असेल, तर बहुधा हीटसिंक एका बाजूने नीट टेकलेले नाही. अशा वेळी गेम लगेच बंद करून ते पुन्हा बसवावे.