पाडव्याला मोगरा हवा, तर संक्रांतीला छाटणी

मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटीच्या शेंड्यावर. पाडव्यापासून लगीनसराईपर्यंत फुलं तोडायची, तर बागेची खरी मेहनत आत्ता पौषातच आहे.

डिसेंबरअखेर पाणी तोडा, म्हणजे झाडाला ताण (मुद्दाम दिलेली पाण्याची ओढ) बसेल. मुरमाड रानात 10-12 दिवसांत ताण बसतो, काळ्या भारी जमिनीला 3 आठवडेही लागतात. दिवस मोजण्यापेक्षा पानं बघा. जुनी पानं निस्तेज होऊन गळायला लागली की ताण पुरा झाला. मधेच अवकाळी पडला तर सरीतलं पाणी त्याच दिवशी काढून द्या आणि ताण लांबवा.

संक्रांतीनंतर झुडूप जमिनीपासून 45 ते 50 सेंमीवर छाटा. वाळक्या, रोगट आणि आत घुसलेल्या काड्या बुडातून काढा, जाड कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. डिसेंबरात छाटायची घाई नको. परभणीकडे पारा 10 अंशांखाली उतरला की काडीवरचे डोळे (नव्या फुटीचे कोंब) फुटतच नाहीत. निम्मी बाग 15 दिवसांनी छाटली तर सगळा माल एकदम बाजारात जात नाही.

मग आळं उकरून झाडाला 10 किलो कुजलेलं शेणखत, 65 ग्रॅम युरिया, 375 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 100 ग्रॅम पोटॅश मातीत मिसळा. तेवढीच खतं पुन्हा जून-जुलैत. पहिलं पाणी हलकं द्या, पुढचं वाफसा बघून, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना.

आपल्याकडे खरी अडचण पुढे येते. पान पिवळं पडतं, शिरा मात्र हिरव्या राहतात. बरेच जण युरिया वाढवतात आणि तिथेच चुकतात. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही. पाणी साचलं की आणखी बिघडतं. 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 15 ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून संध्याकाळी फवारा, 10-12 दिवसांनी पुन्हा. द्रावण तांबूस झालं असेल तर फेकून द्या, त्यातलं लोह वाया गेलेलं असतं.

कळ्या जांभळट होऊन जाळीत गुंतल्या तर कळी पोखरणारी अळी समजा. कळीचा देठाकडचा भाग फुगला तर ती कळी माशी. तिचे कोष मातीत असतात, म्हणून झुडपाखालची माती दर आठवड्याला हलवा. किडक्या कळ्या रोज वेचून जाळा, 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. तोडणी उजाडायच्या आधी, कळी पांढरी, टपोरी आणि मिटलेली असताना.